भुताची चौकट : सत्तरच्या दशकातले टीव्हीवरचे भयपट आणि आपण



विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी आम्हाला विचारलं, की सर, इंझोरीला अमेरिकेच्या टीव्हीवरच्या भुताचं काय काम? आपल्याकडे भुतं कमी पडली का? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे भुतं भरपूर. प्रत्येक गावाच्या शिवारात एखादी विहीर, एखादी बाभूळ, एखादा पडका वाडा राखून ठेवलेला असतो. पण आज बोलायचं आहे ते भुतांच्या संख्येबद्दल नाही. भूत गोष्टीत असतं तेव्हा काय होतं आणि ते गावात असतं तेव्हा काय होतं, या दोहोंत फरक आहे, आणि तो फरक कळायला सत्तरच्या दशकातला अमेरिकेचा टीव्ही फार उपयोगी पडतो. म्हणून थोडं लांबून येऊ.

टीव्हीसाठी बनवलेला चित्रपट म्हणजे काय, हे आधी बघू. थिएटरात लागलेला सिनेमा नंतर टीव्हीवर दाखवतात, तो नव्हे. जो थिएटरात कधी जायचाच नाही, जो घरातल्या खोक्यासाठीच लिहिला, चित्रित केला आणि एका ठरावीक रात्री दाखवला, तो. अमेरिकेत एबीसी नावाच्या वाहिनीनं १९६९ पासून १९७५ पर्यंत दर आठवड्याला असा नवा चित्रपट दाखवण्याचा सपाटा लावला होता. दीड तासाची जागा, त्यातून जाहिराती वजा केल्या की सव्वा तासाच्या आसपास गोष्ट. पैसा थोडा, शूटिंग दोन आठवड्यांच्या आतबाहेर उरकायचं. आता एवढ्या पैशात युद्ध दाखवता येत नाही, राजवाडा दाखवता येत नाही. एक घर, एक बाई, एक बंद दार, एवढं दाखवता येतं. भयकथेला याहून जास्त लागतं कशाला? टीव्हीवर भूत आलं ते असं, पुष्कळसं काटकसरीपोटी आलं.

११ जानेवारी १९७२ ला ‘द नाइट स्टॉकर’ दाखवला गेला. त्या वेळपर्यंत टीव्हीसाठी बनलेल्या चित्रपटांत सगळ्यांत जास्त पाहिला गेलेला तो हाच. लास व्हेगास शहरात बायकांचे खून होताहेत, अंगात रक्ताचा थेंब उरत नाही. कोलचॅक नावाचा एक चुरगळलेल्या कोटातला बातमीदार म्हणतो, हा रक्तपिपासू पिशाच्चाचा उद्योग आहे. पोलीस ऐकत नाहीत. शेवटी तेच खरं निघतं, पिशाच्च मारलं जातं, आणि मग अधिकारी मंडळी बातमीदारालाच धमकावून शहराबाहेर काढतात, बातमी दाबतात. लक्षात घ्या, वॉटरगेटची घरफोडी व्हायला अजून पाच महिने होते. पण सरकार आपल्यापासून काहीतरी लपवतं, हा संशय तिथल्या घराघरांत येऊन बसलेला होता. पिशाच्चापेक्षा लोकांना तो शेवट जास्त झोंबला असावा असं आमचं मत आहे.

दुसरा चित्रपट ऑक्टोबर १९७३ चा, ‘डोन्ट बी अफ्रेड ऑफ द डार्क’. वारशानं मिळालेल्या जुन्या घरात एक तरुण बाई नवऱ्यासोबत राहायला येते. एका खोलीतली शेकोटीची जागा विटांनी बुजवलेली आहे. म्हातारा सुतार सांगतो, ती उघडू नका. ती उघडते. आतून टीचभर उंचीचे, उजेडाला भिणारे जीव बाहेर येतात आणि तिलाच न्यायचं म्हणून मागे लागतात. ती सांगते, नवरा ऐकत नाही. त्याला नोकरीतल्या बढतीची काळजी, घरच्या पाहुण्यांची काळजी. तिला वाटतं ते ‘मनाचे खेळ’. आणि शेवटी ते तिला नेतात. सुटका नाही. जेवणं आटोपून घरादाराला दाखवायच्या चित्रपटाचा असा शेवट करणं धाडसाचं होतं.

तिसरा मार्च १९७५ चा, ‘ट्रिलॉजी ऑफ टेरर’. तीन गोष्टी, तिन्हींत मुख्य भूमिकेत एकच नटी, कॅरन ब्लॅक. पहिल्या दोन आज कुणाला आठवत नाहीत. तिसरीत एक बाई, तिचा एक फ्लॅट आणि एक लाकडी बाहुला. बाहुल्याच्या गळ्यातली साखळी निघाली की त्यातला आत्मा सुटतो. साखळी निघते. त्यानंतर त्या चार भिंतींत ती आणि तो, तिसरं कुणी नाही. सबंध गोष्टीत बाहेरच्या जगाशी संबंध काय, तर आईला केलेला फोन. रिचर्ड मॅथेसन या लेखकाच्या कथेवरून ती बनली, आणि मघाच्या ‘नाइट स्टॉकर’ची पटकथाही त्याचीच. या माणसानं भूत किल्ल्यातून उचललं आणि भाड्याच्या खोलीत आणून सोडलं.

आता यातली गंमत बघा. थिएटरात ‘एक्झॉर्सिस्ट’ १९७३ साली आला, त्यात रक्त, ओकारी, शिव्या, सगळं दाखवलं. टीव्हीवर ते चालत नव्हतं, घरात पोरंबाळं बसलेली. म्हणून टीव्हीवाल्यांना सुचवण्यावर भागवावं लागलं. दाराखालून सरकणारी सावली, विझणारा दिवा, कुजबुज. आणि दर दहा-बारा मिनिटांनी जाहिरात. म्हणजे भीती अगदी टोकाला आणायची आणि तिथंच साबण विकायला थांबायचं. टीकाकार याला हसायचे. आम्हाला मात्र ती जाहिरात फार महत्त्वाची वाटते. का, ते पुढं सांगतो.

या काळात आपल्याकडे काय चाललं होतं? योगायोग असा की १९७२ सालीच, २ ऑक्टोबरला, मुंबईचं दूरदर्शन केंद्र सुरू झालं. पण ते मुंबईत आणि आसपास. आपला जिल्हा तेव्हा अकोला, वाशीम वेगळा झाला तो १९९८ मध्ये. वऱ्हाडातल्या गावांना टीव्ही ही ऐकायची गोष्ट होती, बघायची नव्हे. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा एक उपग्रह वर्षभर भारतासाठी वापरायला मिळाला आणि देशातल्या २४०० खेड्यांत टीव्हीचे संच बसले. राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र, कर्नाटक. महाराष्ट्र त्या यादीत नव्हता. आणि ज्यांच्याकडे बसले, त्यांना त्यावर शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, शाळेचे धडे बघायला मिळाले. यंत्र अमेरिकेचं, आकाश आपलं, पण भूत काही त्या वाटेनं आलं नाही.

मुंबई केंद्रावरही ‘आमची माती, आमची माणसं’ होतं, ‘ज्ञानदीप’ होतं, ‘गजरा’ होता, शनिवारी मराठी सिनेमा होता. माणसाला शहाणं करायचं, ही त्या माध्यमामागची श्रद्धा होती. आज तिची टिंगल करणं सोपं आहे. पण ज्या समाजात साप चावला की आधी मांत्रिकाकडे नेतात, तिथं सरकारनं स्वतःच्या पडद्यावर हडळ नाचवायची नाही असं मानलं, तर त्यात चुकीचं काय? भूत हा त्या काळी आपल्याकडे करमणुकीचा विषय व्हायचाच होता. तो अजून तक्रारीचा विषय होता.

थिएटरात मात्र ते पोचलं होतं. रामसे बंधूंचा ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ त्याच १९७२ चा, थोड्या पैशात महाबळेश्वरच्या विश्रामगृहात काढलेला. कथा वेगळी, नट वेगळे, पण गणित अमेरिकेच्या टीव्हीवाल्यांचंच : एक इमारत, थोडी माणसं, भरपूर अंधार. मराठीत १९७६ ला ‘हा खेळ सावल्यांचा’ आला. त्यातलं ‘रात्रीस खेळ चाले’ हे गाणं तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, त्याच्याकडे पुन्हा येऊ.

आता आपल्या भुतांकडे वळू. आपलं भूत आणि ते लास व्हेगासचं पिशाच्च यांत एक मोठा फरक आहे. आपल्या प्रत्येक भुताला कूळ आहे, चरित्र आहे. मुंजा कोण? मुंज झाली पण लग्न होण्याआधी गेलेला पोरगा. हडळ कोण? बाळंतपणात गेलेली बाई. ब्रह्मसमंध कोण? ज्याचं काहीतरी देणंघेणं, धनदौलत मागं राहिली तो. म्हणजे भुताचं नाव घेतलं की गावाला कळतं, कुणाला काय मिळायचं राहिलं. चकवा तेवढा वेगळा. तो कुणी मेलेला माणूस नव्हे, तो रात्री ओळखीच्या वाटेवर माणसाला फिरवत ठेवतो. आपल्याकडे म्हातारी माणसं ‘भेव वाटते’ म्हणायची ना, ते भेव या ओळखीचं होतं. सुटबुटातला परदेशी पिशाच्च कुणाच्या भावकीतला? त्याचं श्राद्ध कोण घालणार? तो उपरा म्हणून भीतिदायक, आणि आपला मुंजा घरचा म्हणून.

आणि घरचा आहे म्हणूनच तो धोक्याचाही. कारण भूत घरचं असलं की त्याला लावणारी कुणीतरी घरची, गल्लीतली, शोधावी लागते. इथं गोष्ट संपते आणि गावातला आरोप सुरू होतो. बहुतेक वेळा ती एकटी राहणारी म्हातारी असते, विधवा असते, जिच्या नावावर दोन एकर आहेत अशी असते. हे मनात ठेवा.

आता थोडं तत्त्वज्ञान, फार नाही. त्याच सत्तरच्या दशकात, आणि हा योगायोग आम्हाला फार आवडतो, इंग्रजी भाषेतल्या तत्त्वज्ञांमध्ये एक वाद पेटला. १९७५ मध्ये कॉलिन रॅडफर्डनं विचारलं, की अ‍ॅना कॅरेनिना नावाची बाई कधी नव्हतीच, हे ठाऊक असताना आपण तिच्यासाठी रडतो कसे? हे विसंगतच नव्हे का? १९७८ मध्ये केंडल वॉल्टननं उत्तर दिलं, आणि उदाहरण घेतलं चक्क भयपटाचं. चार्ल्स नावाचा माणूस सिनेमा बघतोय. पडद्यावर हिरवा बुळबुळीत गोळा त्याच्या दिशेनं सरकतो. चार्ल्स खुर्चीला घट्ट धरतो, ओरडतो, घामाघूम होतो. पण तो पोलिसांना फोन करत नाही, पळूनही जात नाही. वॉल्टन म्हणतो, ही खरी भीती नव्हे, ही खेळातली भीती. लहान लेकरू ‘वाघ आला’ म्हणणाऱ्या बापापासून किंचाळत पळतं आणि परत येऊन म्हणतं ‘पुन्हा करा’, तशी.

आपल्या परंपरेत हा प्रश्न हजार वर्षं जुना आहे. भरतानं नाट्यशास्त्रात आठ रसांत भयानक हा रस सांगितला, त्याचा रंग काळा, आणि तो कशातून येतो त्याची यादीही दिली : ओसाड घर, अरण्य, कोल्हेकुई, घुबडाचा घूत्कार. दो गज जमीन के नीचेची यादी यापेक्षा वेगळी नाही. पुढं काश्मीरच्या अभिनवगुप्तानं विचारलं, की प्रेक्षकाची ही भीती कुणाची? उदाहरण घेतलं शाकुंतलातल्या हरणाचं, दुष्यंताच्या रथापुढं जिवाच्या आकांतानं पळणाऱ्या. त्या हरणाची भीती बघताना मी भ्यालो असंही नसतं आणि दुसराच कुणीतरी भ्याला असंही नसतं. भीती त्या जागेतून, त्या काळातून सुटते, कुणा एकाची उरत नाही, म्हणून ती चाखता येते. याला आपण साधारणीकरण म्हणतो. वॉल्टनपेक्षा हे उत्तर आम्हाला जास्त खोल वाटतं, कारण वॉल्टन प्रेक्षकाची भीती खोटी ठरवतो. अभिनवगुप्त तिला खोटी म्हणत नाही, मोकळी झालेली म्हणतो.

पण दोघांनाही एक गोष्ट लागते, आणि आजच्या बोलण्याचा कणा तीच आहे. चौकट लागते. नाटकाला रंगमंच लागतो, नांदी लागते, पात्रांचे रंगवलेले चेहरे लागतात. टीव्हीच्या भयपटाला काय होतं? संध्याकाळची ठरलेली वेळ, सुरुवातीची नावं, आणि ती साबणाची जाहिरात. जाहिरात लागली की अमेरिकन घरातला बाप उठून पाणी प्यायला जायचा, आई पोराला म्हणायची, घाबरू नको, खोटं आहे. ती जाहिरात म्हणजे भिंतीवरचा हात होता. भूत दिवाणखान्यात आलं खरं, पण खोक्याच्या लाकडी चौकटीतून बाहेर आलं नाही.

आता एकाच गोष्टीचे दोन प्रवास बघा. स्टीफन किंगची ‘सेलम्स लॉट’ ही कादंबरी १९७५ ची. एका लहान गावात पिशाच्च येतं आणि एकेक घर करत गाव खातं. अमेरिकेत ती १९७९ च्या नोव्हेंबरात दोन रात्रींचा टीव्ही-चित्रपट झाली. त्यातलं एक दृश्य बघणाऱ्यांना चाळीस वर्षं विसरता आलं नाही : मेलेला लहान भाऊ रात्री खिडकीबाहेर धुक्यात तरंगतो आहे आणि नखानं काच खरवडतो आहे, आत घे म्हणून. रक्त नाही, काही नाही. फक्त काच आणि नख.

आपल्याकडे तीच कादंबरी पुस्तकातून आली. नारायण धारपांनी तिचं मराठी रूप केलं, ‘लुचाई’. धारप १९२५ चे, शिकलेले विज्ञान, आणि लिहिल्या शंभराच्या घरात भय-गूढ कादंबऱ्या. टीकाकारांनी त्यांना साहित्याच्या पंगतीला बसवलं नाही, वाचकांनी मात्र ग्रंथालयांतली पुस्तकं पानं सुटेपर्यंत वाचली. अमेरिकन गाव मराठी करायचं म्हणजे नुसती नावं बदलून भागत नाही. तिथं पिशाच्चाला क्रूस दाखवला की काम होतं, कारण बघणाऱ्याला क्रूस आपला वाटतो. मराठी घरात ते चालायचं नाही. धारपांचा सगळा संसारच वेगळा होता. त्यांचा ‘समर्थ’ हा नायक प्रयोगशाळेतल्या माणसासारखा विचार करतो आणि मंत्रही जाणतो. बीबीसीनं १९७२ च्या नाताळच्या रात्री ‘द स्टोन टेप’ दाखवला, त्यात शास्त्रज्ञ म्हणतात, भूत म्हणजे दगडानं साठवून ठेवलेली ध्वनिफीत. धारप त्याच जातीचे. भुताला विज्ञानाच्या भाषेत बोलवायचं आणि मग त्या भाषेची हद्द कुठं संपते ते दाखवायचं.

दुसरे रत्नाकर मतकरी. त्यांच्या ‘खेकडा’, ‘गहिरे पाणी’ यांत भूत असतंच असं नाही, माणसाचं मन पुरतं. ‘गहिरे पाणी’ची पुढं टीव्ही मालिकाही झाली.

म्हणजे अमेरिकेत जे काम टीव्हीच्या खोक्यानं केलं, ते आपल्याकडे पुस्तकानं केलं. पुस्तक हीसुद्धा चौकटच आहे. मिटता येतं. आणि कंदिलाच्या उजेडात वाचलेली ‘लुचाई’ खिडकीवरच्या त्या नखापेक्षा कमी होती, असं कुणी म्हणू नये. मात्र एक फरक पडला. टीव्ही सगळं घर एकत्र बसून बघतं, पुस्तक एकट्यानं वाचायचं. आपल्याकडची त्या पिढीची भयकथा वाचायला येणाऱ्याची, बहुतेक शहरातल्याची, आणि बरीचशी पुरुषाची राहिली. गावातल्या बाईपर्यंत खेळातली भीती पोचलीच नाही, तिच्या वाट्याला खरीच आली.

पुढचं भरभर सांगतो. १९८२ नंतर दूरदर्शनचं जाळं पसरलं, १९८४ मध्ये तर काही महिने देशात रोज एक प्रक्षेपक उभा राहत होता. वऱ्हाडात अँटेना दिसू लागले. त्याच सुमारास भाड्यानं आणलेला व्हिडिओ आला, गणपतीत, लग्नाच्या रात्री, आणि त्यावर रामसेंचा ‘पुराना मंदिर’ लागायचा. दूरदर्शननंही धीर धरला, १९८९ मध्ये ‘किले का रहस्य’ आलं. १९९३ मध्ये ‘झी हॉरर शो’, तोही रामसेंचाच. १९९५ मध्ये ‘आहट’. अमेरिकेत १९७२ ला जे झालं, ते आपल्या घरात वीस वर्षांनी झालं. आणि मराठीत त्याची पूर्ण वाढ २०१६ मध्ये झाली. सिंधुदुर्गातल्या आकेरीच्या घरात चित्रित झालेली ‘रात्रीस खेळ चाले’. नाव त्या १९७६ च्या गाण्याचं. आता भूत परकं राहिलं नव्हतं, नाईकांच्या भावकीतलं होतं, वाटणीच्या भांडणातलं होतं. मालिका त्यामुळेच लोकांना आवडली आणि त्यामुळेच कोकणातून आक्षेपही आले, की आम्हाला अंधश्रद्धाळू दाखवता. आक्षेप आम्हाला पूर्ण पटत नाही, पण त्यामागची कळ कळते. चौकट लावा आणि मग दाखवा, असंच ते लोक एका अर्थी म्हणत होते. चौकट होती, पण ती आता पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या, कुणी न वाचणाऱ्या एका सूचनेएवढी उरली होती.

चौकट मुद्दाम काढली तर काय होतं, त्याचा प्रयोग बीबीसीनं करून पाहिला. ३१ ऑक्टोबर १९९२ ला ‘घोस्टवॉच’ दाखवलं. लिहिलेलं नाटकच ते, पण दाखवलं असं, की जणू बातमीदार एका झपाटलेल्या घरातून थेट बोलताहेत. निवेदकही खरे, लोकांच्या ओळखीचे. नावं, वेळ, लेखक सगळं सुरुवातीला दिलं होतं, तरी हजारोंना ते खरं वाटलं, फोनचा पाऊस पडला. बीबीसीनं ते पुन्हा तिथल्या टीव्हीवर लावलं नाही.

आज तो प्रयोग रोज आपल्या हातात चालतो. फोनवर येणाऱ्या चाळीस सेकंदांच्या चित्रफितीला नाव नसतं, लेखक नसतो, जाहिरात नसते. ‘अमुक घाटातलं खरं भूत’ एवढंच. कुठल्या घाटातलं, कुणी काढलं, केव्हा काढलं, काही नाही. अभिनवगुप्ताची भीती जागेतून आणि काळातून सुटते म्हणून तिचा रस होतो. फोनवर उलट होतं. जागा आणि काळ नसल्यामुळं बघणारा आपल्याच गावाची जागा आणि आजची रात्र तिला चिकटवतो. मुंजा पडद्यावरून निघतो आणि थेट आपल्या पिंपळावर येऊन बसतो.

आणि मग मघाच्या त्या म्हातारीचं काय? महाराष्ट्रात हा प्रश्न विनोदाचा नाही. नागपुरातून श्याम मानवांनी १९८२ पासून अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम सुरू केलं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. अंगातलं भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, एखाद्या व्यक्तीला करणी करणारी ठरवून तिचं जगणं कठीण करणं, हे त्यात गुन्हे आहेत. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायद्याचा रोख गोष्टीतल्या भुतावर नाही, गावातल्या आरोपावर आहे. तो फरक त्यांनी बरोबर पकडला.

तरी एक अडचण आम्ही लपवणार नाही. चौकट सगळं काम करते असं म्हणून हात झटकता येत नाहीत, कारण चौकटीच्या आतही चेटकीण बहुधा म्हातारी बाईच असते. किंगची ‘ग्रॅमा’ नावाची एक कथा आहे : अंथरुणाला खिळलेली, जादूटोणा जाणणारी आजी आणि घरात तिच्यासोबत एकटा राहिलेला नातू. अमेरिकेत १९८६ मध्ये ती टीव्हीवर आली, ‘ट्वायलाइट झोन’मध्ये. धारपांनी तिची मराठी ‘आजी’ केली. आणि १९९३ मध्ये आपल्या विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं एका तरुणाला रात्री धारपांची ती गोष्ट तोंडी सांगितली. तो तरुण म्हणजे राही अनिल बर्वे. त्या रात्रीतून २०१८ चा ‘तुंबाड’ निघाला. त्यातही एक साखळदंडानं बांधलेली आजी आहे, तिला खाऊ घालायचं काम पोरावर आहे, आणि पोरगा तिला भितो. बघताना आम्हीही भ्यालो. पण ‘तुंबाड’नं ती भीती आजीपाशी ठेवली नाही. ती त्या पोराच्या हावेपाशी नेली, आणि मग सगळा सिनेमा त्या पोराचाच होतो.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. मागच्या बायकांनी आधी विचारावं, त्यांचे प्रश्न नेहमी शेवटी राहतात.